दिवा सांगलीत, बटण सांगलीत

बाबांच्या सदऱ्याच्या खिशात अजूनही टेस्टर असतो. पेन विसरतात, टेस्टर विसरत नाहीत. विद्युत मंडळातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. ते मंडळही राहिलं नाही, २००५ मध्ये त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. पण कुणाकडे चहाला गेलं तरी बाबांची नजर आधी स्विचबोर्डाकडे जाते. बोलता बोलता सहज उठतात, टेस्टरचं टोक सॉकेटात घालतात, आतला बारीक नारिंगी दिवा लागला की परत येऊन बशीत चहा ओततात. यजमानांच्या पोटात गोळा येतो, काही बिघडलंय की काय. बिघडलेलं काही नसतं. वीज आहे हे डोळ्यांनी पाहिलं की त्यांना चहा गोड लागतो, इतकंच.

अशा माणसाच्या घरात माझ्या धाकट्या भावाने एक पांढरी डबी आणून ठेवली. टेस्टर घालावा अशी तिच्यात एकही जागा नाही.

तिला हब म्हणतात. ओट्यावरचा दिवा, अंगणातला दिवा, देवघरातला, मागच्या पडवीतला आणि पुढच्या दाराचा सेन्सर हे सगळे तिच्याशी बोलतात; ती राऊटरशी बोलते आणि राऊटर जगाशी. आईच्या लेखी ती डबीच. धाकटा सिएटलला असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला महापूर आला आणि आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. आमचं घर विश्रामबागेत, जरा उंचावर. तिथे पाणी आलं नाही, पण आधी वीज गेली आणि मग फोन लागेनासे झाले. मी पुण्यात, तो तिकडे; दोघंही टीव्हीवर त्याच त्या बोटी आणि तीच ती पाण्यात बुडालेली दुकानं बघत बसलो होतो. आई त्या वेळी गॅसवर पिठल्याचं मोठं पातेलं चढवून खालच्या भागातून आलेल्या लोकांना जेवायला वाढत होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पुढच्या फेरीत तो डबी घेऊन आला. घरात सांगताना सोयीचं कारण सांगितलं. तिन्हीसांजेला अंगणातला दिवा आपोआप लागेल, रात्री उठल्यावर आईला चाचपडावं लागणार नाही, वगैरे. खरं कारण मला मुंबईच्या विमानतळावर सांगितलं. आई पहाटे साडेपाचला ओट्यावरचा दिवा लावते. तिकडे उन्हाळ्यात तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, हा ऑफिसातून निघत असतो. त्या वेळी फोनवर ओट्यावरचा दिवा चालू दिसला की झालं. आईने चहा टाकला आहे, म्हणजे रात्र नीट गेली. फोन करायला नको, काय बोलायचं ते शोधायला नको.

मला ते ऐकून थोडं हसू आलं आणि थोडा हेवाही वाटला. मी पुण्यात इतक्या जवळ असून आईचा दिवा कधी लागतो हे मला ठाऊक नव्हतं.

तर ही डबी अधूनमधून जगाशी बोलायची बंद होऊ लागली. तिच्या कपाळावरचा हिरवा ठिपका पिवळा व्हायचा आणि सिएटलहून फोन यायचा. ‘आई, घर ऑफलाइन दिसतंय. सगळं बरं आहे ना?’

‘कसली लाइन? मी इथं दिव्याखाली बसून मटार सोलतेय.’

‘अगं, पण इथं दिवे दिसत नाहीयेत.’

‘मला दिसतायत की.’

दोघंही खरं बोलत होते. ही गोष्ट माझ्या मनात बराच काळ रेंगाळली. आईसाठी दिवा म्हणजे ज्याच्या उजेडात किडका दाणा वेगळा काढता येतो तो. त्याच्यासाठी दिवा म्हणजे दिवा लागल्याची वर्दी. एरवी या दोन गोष्टी इतक्या चिकटून चालतात की त्या दोन आहेत हे लक्षातच येत नाही. मधला धागा तुटला की एक दिवा आईपाशी राहतो आणि दुसरा त्याच्यापाशी विझतो. कधी तर उलटंच होतं. एका रात्री डबीचा संपर्क आठच्या सुमारास तुटला आणि ॲपने त्या घटकेला जे पाहिलं होतं तेच दाखवत राहायचं ठरवलं. सांगलीत आई-बाबा दिवे मालवून गाढ झोपले होते, सिएटलमध्ये ओट्यावरचा दिवा रात्रीचे दोन वाजले तरी चालू होता. त्याने घाबरून मला उठवलं. मी शेजारच्या काकूंना उठवलं. काकूंनी खिडकीतून डोकावून सांगितलं, अंधार आहे गं, झोपलेत सगळे. सगळीकडे अंधार आहे हे ऐकून इतकं बरं वाटण्याची वेळ माझ्यावर पूर्वी कधी आली नव्हती.

इंटरनेट देणाऱ्यांना फोन केला, तर तिकडच्या मुलाने एकच उपाय सांगितला. बंद करून परत चालू करा. तो चालतोही बऱ्याचदा, म्हणूनच बाबांना तो आवडत नाही. त्यांच्या नोकरीत फीडर ट्रिप झाला की एकदा चार्ज करून बघायची मुभा होती. लाईन टिकली तर ठीक, एखादी फांदी वाऱ्याने घासली असेल, एखादं वटवाघूळ अडकून पडलं असेल. परत ट्रिप झाली, तर मात्र लाईन फिरून बघायची, पायी, चिखलातून, उसातून. कारण कुठेतरी तार तुटून पडलेली असू शकते आणि तिच्याजवळ कोणी उभं असू शकतं. ‘पुन्हापुन्हा चार्ज करणारा ऑपरेटर मी ठेवला नसता,’ असं ते कस्टमर केअरच्या त्या मुलाला म्हणाले. तो बिचारा म्हणाला, सर, आणखी काही मदत करू शकतो का?

मग बाबांनी डायरी काढली. सहकारी बँकेने दिवाळीला वाटलेली, मागच्या वर्षीची, कोरी. सबस्टेशनात दर तासाला लॉगशीट भरायची सवय हाडात मुरलेली. त्यांनी पट्टीने रकाने आखले. वेळ. वीज. फायबरच्या डब्याचे दिवे. राऊटरचे दिवे. डबीचा ठिपका. शेवटी शेरा. मी सुट्टीत गेले तेव्हा ती डायरी चाळली. बाबांचं अक्षर किंचित डावीकडे कललेलं आणि कुठेही घाई नसलेलं. बहुतेक शेरे ‘लाईट गेली, आली’ अशा धर्तीचे होते. पण मधूनच एक शब्द यायचा, ‘पापड’. मला वाटलं, किराण्याची यादी चुकून इथे आली.

‘ते खरंच पापड आहेत,’ आई म्हणाली. मी दिलेला मायक्रोवेव्ह ती पापड भाजण्यापलीकडे कशालाच वापरत नाही. आणि पापड भाजला की डबीचा ठिपका कधीकधी पिवळा होतो, हे बाबांनी दोन महिन्यांच्या नोंदींतून हुडकून काढलं होतं.

अकरा केव्हीच्या लाईनवरचा फॉल्ट कसा शोधायचा, हे बाबा आम्हाला लहानपणी जेवताना सांगायचे. लाईन मैलोन्‌मैल असते, सगळी चालत बघायची तर दिवस जाईल. म्हणून मध्यावरचा एबी स्विच उघडायचा आणि अलीकडची अर्धी लाईन चार्ज करायची. ती टिकली तर फॉल्ट पलीकडच्या अर्ध्यात. मग तिचे परत दोन भाग. असं करत करत दोन खांबांमध्ये येऊन पोचायचं. तिथे पोचल्यावर मान वर करून बघितलं की इन्सुलेटर फुटलेला दिसतोच. बाबांनी डबीची लाईनही अशीच कापायला घेतली. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ असं लिहिलेला दिवा तांबडा झाला असेल, तर दोष रस्त्यावरच्या केबलमध्ये, तिथे आपण हात लावायचा नाही. तो विझलेला असेल, तर आपल्या उंबऱ्यापर्यंत सगळं आलेलं आहे. मग मोबाइलवर एखादं पान उघडून बघायचं. उघडलं तर राऊटरही निर्दोष. मग राऊटरच्या आत शिरायचं, १९२.१६८.१.१ असा पत्ता टाकून, आणि जोडलेल्या वस्तूंच्या यादीत डबीचं नाव आहे की नाही ते बघायचं. बाबा त्या पानावर पहिल्यांदा पोचले तेव्हा म्हणाले, ‘अरे, हे तर आपलं कंट्रोल पॅनेल.’ त्यानंतर त्यांची भीड चेपली.

पहिला दोष सापडला तो वीज येण्या-जाण्याचा. वीज आली की राऊटर आणि डबी एकदमच जाग्या होतात. राऊटरला पूर्ण उठायला दोन-तीन मिनिटं लागतात. डबी अर्ध्या मिनिटात उठून नेटवर्क शोधते, सापडत नाही, थोडा वेळ हाका मारते आणि मग गप्प बसते. शिवाय राऊटर प्रत्येक वस्तूला पत्ता देतो तो ठरावीक मुदतीचा. वीज जाऊन आल्यावर डबीला कधी नवाच पत्ता मिळतो आणि फोन जुन्याच दारावर टकटक करत राहतो. यावर उपाय म्हणजे डबीचा पत्ता राऊटरमध्ये कायमचा राखून ठेवायचा. त्यासाठी डबीच्या बुडावर छापलेला बारा अक्षरांचा मॅक क्रमांक हवा, आणि तो मुंगीएवढ्या अक्षरांत.

त्या दिवशीचा व्हिडिओ कॉल मी पुण्यातून ऐकला. आईने मोबाइल धरलेला, त्यात निम्मा वेळ छताचा पंखा. बाबांच्या एका हातात डबी उलटी, दुसऱ्या हातात पंचांग वाचायचं भिंग. ‘आठ का बी रे?’ ‘बाबा, तुम्हीच सांगा, मला पंखा दिसतोय.’ ‘बी. बॉम्बेचा बी. मग सात. मग डी, दिल्लीचा.’ ‘मुंबई म्हणा की आता,’ आई मधेच. ‘मुंबई म्हटलं तर तो एम लिहील.’ तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. धाकट्याला दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग होती. पण मला खात्री आहे, त्या आठवड्यात त्या तिघांचं इतका वेळ एकत्र बोलणं दुसऱ्या कशावरूनही झालं नसतं.

वीज आल्यावर फीडर कसे एकेक करून घ्यायचे, हे बाबांना कुणी शिकवायला नको होतं. सगळा भार एकदम टाकला तर परत ट्रिप होणार. त्यांनी तोच क्रम घरी लावला. आधी फायबरचा डबा, मग राऊटर, त्याचे सगळे दिवे स्थिर झाले की मग डबी. वीज गेल्याचे शेरे डायरीतून हळूहळू कमी झाले.

संध्याकाळचे मात्र राहिले. रोज नाही, पण साधारण साडेसातनंतर डबी धाप लागल्यासारखी तुटत-जुळत राहायची. रविवारी कमी, परीक्षेच्या दिवसांत जास्त. परीक्षा हा शब्द बाबांनीच शेऱ्यात लिहिला होता. आमच्या आसपास वालचंद आणि विलिंग्डन ही दोन्ही कॉलेजं, त्यामुळे गल्लीत घरटी दोन-चार खोल्या मुलांना भाड्याने दिलेल्या. मी गच्चीत उभी राहून फोनवर वायफायची यादी उघडली. ‘आई तुळजाभवानी’, ‘जय शिवराय २’, ‘पासवर्ड मागू नये’, ‘मालकांचं नेट’, ‘मालकांचं नेट नाही’. गल्लीचा असा स्वभाव मी दारांवरच्या पाट्यांतून कधी वाचला नव्हता. आणि ही सगळी नावं एकाच अरुंद पट्टीत, २.४ गिगाहर्ट्झवर, एकमेकांच्या अंगावर उभी होती. त्या पट्टीत चॅनेल तेरा असले, तरी शेजारच्याच्या पायावर पाय न देता उभे राहतील असे तीनच, १, ६ आणि ११. डबी दिव्यांशी ज्या झिगबी नावाच्या पद्धतीने बोलते, तीही याच पट्टीत. ब्लूटूथ याच पट्टीत. पापडही.

पापडाचं कारण जुनं आहे. लहरींच्या वाटपाच्या १९४७ सालच्या अटलांटिक सिटीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासची जागा उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या यंत्रांसाठी सोडून दिली गेली. त्याआधी दोनच वर्षं, रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली चॉकलेटची वडी रडारच्या नळीसमोर वितळली आणि त्यातून मायक्रोवेव्हची भट्टी निघाली, असं सांगतात. बोलण्यासाठी बाकीच्या जागा होत्या. ही जागा तापवण्याची, शेकण्याची, गोंगाटाची. गावाला गायरान असतं तशी. सातबाऱ्यावर कुणा एकाचं नाव नाही, चाराई नाही, राखण नाही. कुणाचीही शेळी आत येते आणि दुसऱ्याच्या शेळीने गवत खाल्लं म्हणून तक्रार ऐकायला पाटील बसत नाही. आपल्याकडे २००५ च्या जानेवारीत सरकारने हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना विनापरवाना खुला केला. नियमच असा आहे की इथे यायला परवाना नको, पण दुसऱ्याचा त्रास झाला तर दादही मागता येणार नाही. आजचं सगळं घरगुती वायरलेस या फुकट्या गवतावर पोसलं आहे. पापड एक मिनिट भाजतो, भट्टीच्या दारातून माणसाला अपाय होणार नाही इतकीच लहर निसटते, पण शेजारच्या फळीवरच्या डबीच्या कानाशी ती ढोल वाजवते.

बाबांना यातली परवान्याची गोष्ट फार आवडली. आजोबांच्या रेडिओचं लायसन त्यांनी अजून जपून ठेवलं आहे. पोस्टातून दरवर्षी पैसे भरून ते नवं करायचं, त्यावर शिक्का पडायचा. नुसतं ऐकण्यासाठी परवाना लागायचा. ऐंशीच्या दशकात तो बंद झाला. ‘आम्ही बिनाका गीतमाला पैसे भरून ऐकली,’ बाबा म्हणाले, ‘आणि ही शिंची पोरं फुकटात गल्ली भरून टाकतात.’ पण आवाजात राग नव्हता. संध्याकाळी गल्ली भरते याचं त्यांना सुखच वाटतं; खोल्या रिकाम्या असल्या की त्यांना करमत नाही.

बाबांना मी तेव्हा जगदीशचंद्र बोसांबद्दल सांगितलं. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी वायरविना, भिंतींपलीकडे लहर पाठवून एक घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. म्हणजे बिनतारी लहरीने केलेल्या पहिल्या कामांपैकी एक, पलीकडच्या खोलीतली घंटा वाजवणं हे होतं. बाबांनी विचारलं, ‘किती गिगाहर्ट्झ?’ साठपर्यंत, मी सांगितलं. ‘मग बरोबर. तिथं गर्दी नव्हती.’

गर्दीवर त्यांनी शोधलेला तोडगा मात्र जुनाच. त्यांनी बाजारातून लॅनची केबल आणली, कडेकडेने खिळे मारून भिंतीवरून नेली आणि डबी राऊटरला सरळ जोडून टाकली. राऊटर लोखंडी कपाटावरून हलवला, कारण कपाट लहर अडवतं. डबी राऊटरपासून हातभर लांब आणि मायक्रोवेव्हपासून पार दुसऱ्या भिंतीला ठेवली. राऊटरला चॅनेल १ दिला, आणि डबीचं झिगबी पट्टीच्या वरच्या टोकाजवळ, २५ वर नेलं. त्यासाठी काही दिव्यांची डबीशी नव्याने ओळख करून द्यावी लागली. आईने केबलकडे बघून नाक मुरडलं. नुकताच रंग दिलेल्या भिंतीवर पांढरी वायर आणि खिळे. ‘बिनतारी म्हणून आणलं ना ते?’

‘वायर दिसते तरी,’ बाबा म्हणाले.

याच्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, अजूनही नाही. बाबांच्या पिढीने बिघाड डोळ्यांनी पाहिले. फ्यूज उडाला की किटकॅटच्या चिनीमातीवर काळा डाग दिसायचा, जळका वास यायचा. आमच्या बिघाडांना वास नाही. ‘काहीतरी चुकलं, थोड्या वेळाने प्रयत्न करा’ असं लिहून येतं, आणि ते ‘काहीतरी’ कुठल्या खंडावर आहे याचाही पत्ता नसतो.

आता फक्त एक कोडं उरलं होतं, आणि ते सगळ्यात हट्टी. रात्री दहानंतर ओट्यावरचा दिवा ‘प्रतिसाद नाही’ व्हायचा आणि त्याच्यामागोमाग मागच्या पडवीतलाही. डबी ठीक, राऊटर ठीक, लहरी ठीक. बाबा दोन रात्री स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. दहा वाजता आई आली, ओटा पुसला, गॅस बंद केला, शेगडीला नमस्कार केला आणि भिंतीवरचं बटण खट्‌कन बंद करून झोपायला गेली.

दिवा मालवायचा म्हणजे बटण बंद करायचं. तिचं आयुष्यभराचं शास्त्र. धाकट्याने फोनवरून मालवायला शिकवलं होतं, भिंतीला एक चिकटवायचं बटणही दिलं होतं. पण दिव्यात वीज राहू देऊन दिवा मालवणं तिला पटत नाही. ‘आत काहीतरी चालूच राहतं ना मग? मीटर फिरतं.’ फिरतं, किंचित फिरतं. तिचं चूक नव्हतं. पण या दिव्यांची गंमत अशी की ते एकमेकांचे निरोपही पोचवतात. पडवीतला दिवा डबीपासून लांब, दोन भिंतींपलीकडे. त्याचा निरोप ओट्यावरच्या दिव्यामार्फत यायचा. आईने ओटा मालवला की पडवीचीही वाट बंद.

दिवा साधा ठेवून बटणाच्या मागे, बोर्डाच्या पेटीत, छोटं मोड्यूल बसवणं हा सरळ मार्ग. मग आईचं बटणही चालतं आणि फोनही. वायरमन आला, त्याने बोर्ड उघडला आणि डोकं खाजवलं. बाबांना उघडायच्या आधीच ठाऊक होतं. ‘बोर्डात न्यूट्रल नाही. आमच्या वेळी बोर्डात नुसता फेज आणायचे आणि दिव्याकडे जाणारी वायर न्यायचे. न्यूट्रल वरच्या वर दिव्याला.’ जुन्या घरांतून हे असंच असतं; वायर वाचायची. मोड्यूलला स्वतः जागं राहायला न्यूट्रल लागतो. पट्टी काढून तो खाली आणावा लागला. एक दिवस घरभर धूळ झाली आणि वायरमनला दोनदा चहा झाला. स्मार्ट घराच्या जाहिरातीत न्यूट्रलचा उल्लेख मी कुठे पाहिलेला नाही. माझ्या मते तो पहिल्या ओळीत असायला हवा.

एवढं झाल्यावर बाबांनी एक साधा प्रश्न विचारला. ‘मी इथं कॉटवर बसून फोनवरचं बटण दाबतो. दिवा समोर दिसतोय. हा निरोप जातो कुठून?’ मी सांगितलं. फोनवरून राऊटरला, तिथून फायबरने बाहेर, कंपनीच्या सर्व्हरकडे; तो परदेशातही असू शकतो, मग मुंबईत वर्सोव्याला जिथे समुद्राखालच्या केबल किनाऱ्याला लागतात तिथून समुद्राखालून; आणि मग तीच वाट उलटी धरून डबीकडे. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘दिवा सांगलीत, बटण सांगलीत. मधे हे कोण?’

मधे जे कोण असतात ते कधी दमतात, कधी निघून जातात. ७ डिसेंबर २०२१ ला उत्तर व्हर्जिनियातल्या ॲमेझॉनच्या सर्व्हरकेंद्रात बिघाड झाला, तेव्हा अमेरिकेतल्या घरांत केर काढणारी यंत्रं आपल्या मालकांचं ऐकेनाशी झाली आणि दारावरच्या घंटा मुक्या झाल्या. रिव्हॉल्व्ह नावाचा एक हब होता. २०१४ मध्ये ती कंपनी नेस्टने विकत घेतली आणि २०१६ च्या मेमध्ये त्याचा सर्व्हरच बंद केला. लोकांच्या घरातल्या चांगल्याभल्या डब्या एका दिवसात शोभेच्या झाल्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर न सांगतासवरता थांबले. भिंतीवरची बटणं चालत होती, फोनवरची मेली. तिथे मात्र पुढे एक झकास गोष्ट घडली. ती वापरणाऱ्या काही लोकांनीच जूनमध्ये कंपनी विकत घेऊन सर्व्हर परत चालू केले. हे वाचून दाखवलं तेव्हा बाबांनी मांडीवर थाप मारली. सहकारी साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातल्या माणसाला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही.

सगळ्यालाच बाहेर जावं लागतं असंही नाही. होम असिस्टंट नावाची एक मुक्त प्रणाली २०१३ पासून आहे. तिच्यात सगळा कारभार घरातल्याच एका छोट्या संगणकावर चालतो. २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या नव्या मानकातही घरातली यंत्रं घरातच एकमेकांशी बोलू शकतात. धाकट्याने आता तसं करून दिलंय. घरातलं बटण घरातच फिरतं. बाहेर जाते ती फक्त सिएटलची वर्दी. बाबांनी खात्री करायला फायबरची वायर उपसून फोनवरून दिवा लावून बघितला. लागला. डायरीत शेरा: ‘स्वावलंबी.’

आईच्या मताने या सगळ्या खटाटोपात एकच प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि तो तिने जेवताना विचारला. ‘वीज गेल्यावर काय? तेव्हाच तर त्याला काळजी वाटते.’ आम्ही सगळे गप्प. ज्या पुरासाठी ही डबी आली, त्या पुरात ती पहिल्याच मिनिटाला डोळे मिटणार होती. घरात इन्व्हर्टर आहे, ओट्यावरचा दिवा आणि दोन खोल्यांचे पंखे त्यावर चालतात. पण राऊटर ज्या बोर्डावर आहे, तिथवर त्याची वायर गेलेली नाही. म्हणजे वीज गेली की आई उजेडातच बसणार, आणि तिकडे घर अंधारं होणार.

बाबा दुसऱ्या दिवशी सायकल काढून गावभागात गेले आणि राऊटरला लावायची छोटी बॅटरी घेऊन आले. तिच्यावर फायबरचा डबा, राऊटर आणि डबी मिळून तीन-चार तास चालतात. महापुरासारखं काही आलं, तर बाहेरची केबलच जाईल आणि ही बॅटरीही कामाची नाही, हे त्यांनी धाकट्याला आधीच बजावून सांगितलं आहे. तेव्हा शेजारच्या काकूंचा नंबर जपून ठेवायचा. पण रोजची वीज जाते ती तासा-दोन तासांची. ही बॅटरी बाराशे रुपयांना पडली. डबी, दिवे, मोड्यूल, वायरमन, धूळ आणि पुन्हा दिलेला रंग या सगळ्या खर्चात पैसे वसूल झाले ते या एका वस्तूचे, असं बाबांचं मत आहे आणि माझंही.